तुमचे प्रश्न: गेटवरचं ॲप आणि आपल्या मावशी

प्रश्न: आमच्या सोसायटीत वर्षभरापासून गेटवर ॲप आलंय. मावशी कामाला आल्या, वॉचमनला कोड सांगितला की लगेच माझ्या मोबाईलवर नोटिफिकेशन, किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, अजून कोणाकोणाकडे काम करतात सगळं दिसतं. वर त्यांना स्टारही देता येतात. पावसाळ्यात मुलगा आजारी पडला म्हणून त्या आठवडाभर आल्या नाहीत, तर एका घरातून दोनच स्टार आणि खाली 'दांड्या मारते' असा शेरा. तेव्हापासून त्यांना आमच्या बिल्डिंगांमध्ये नवीन काम मिळेना. मुलगी म्हणते हे माणसांना धाकात ठेवायचं साधन झालंय, मिस्टर म्हणतात सेफ्टी नको का? तुम्ही सांगा.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: मुलीचं बरोबर आहे. मिस्टरांची काळजी समजते, 26/11 नंतर या शहरात कोणाला ती नाही, 2016 पासून पोलिसांचे कॅमेरेही नाक्यानाक्यावर आले आणि अनोळखी माणसाला गेटवर विचारलंच पाहिजे. पण गेटवरून कोण आत आलं एवढं कळलं की सेफ्टीचं काम झालं ना, मग बी विंगमध्ये त्या किती वेळ होत्या आणि त्यांना किती स्टार मिळाले याचा चोरीमारीशी संबंध काय?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की मावशींबद्दलचा शेरा चार बिल्डिंगा वाचतात आणि मावशींना स्वतःला तो दिसत नाही. त्यांच्या फोनमध्ये ते ॲपच नाही. मुलाला ताप होता हे त्यांनी लिहायचं कुठे? आणि ज्या घराने शेरा मारला त्या घराने पगार उशिरा दिला, भर सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर त्या घराला स्टार कोण देणार? पूर्वीही बायका जिन्यात एकमेकींना सांगायच्याच की अमकी दांड्या मारते म्हणून, पण ते चार दिवसांत विसरलं जायचं, आता ते कायमचं नावाला चिकटतं.

हे फक्त सोसायट्यांपुरतं नाहीये. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं, आणि रानात रेंज नसली, फोटो अपलोड झाला नाही की दिवसभर माती उपसूनही मजुरी अडकते. चूक मशीनची, भुर्दंड मजुराला. 2021 मध्ये आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आठवत असेल. फोन सारखे बंद पडत होते आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत, ते मराठीत द्या ही त्यांची मागणी होती. त्या संघटित होत्या म्हणून फोन टेबलावर ठेवून येऊ शकल्या, तुमच्या मावशी एकट्या आहेत. कोड सांगणार नाही म्हणाल्या तर गेटच्या आत पाऊल नाही, म्हणजे त्या दिवसाचं काम गेलं. मग याला संमती कसं म्हणायचं?

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि तो फ्लॅटच्या मालकाला जेवढा तेवढाच भांडी घासणाऱ्या बाईलाही. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. संमती मागताना माहिती का घेताय ते सांगायचं, ती सूचना मराठीत वाचायची सोय द्यायची, चुकीची माहिती दुरुस्त करायची किंवा पुसायची, हे सगळं त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतोय. याच कायद्यात सरकारी यंत्रणांना भरपूर सूट ठेवलीय, तेही मला अजिबात पटत नाही, पण तो विषय मोठा आहे, परत कधीतरी.

तुम्ही आत्ता काय करू शकता? सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आयत्या वेळच्या विषयांत घातलं तर घाईघाईत गुंडाळतील, म्हणून आधीच सेक्रेटरींना पत्र द्या आणि आपल्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घ्या. मागणी साधी ठेवा: स्टार आणि शेरे बंद करा, जुने पुसा, जाण्यायेण्याच्या नोंदी ठरावीक दिवसांनी काढून टाका, आणि मावशींनी मागितलं तर त्यांची नोंद त्यांना दाखवा. पत्रावर मुलीची सही चालणार नाही, मेंबरचीच लागते, तेव्हा फ्लॅट मिस्टरांच्या नावावर असेल तर आधी त्यांना पटवावं लागेल. आणि पत्र देण्याआधी मावशींना विचारून घ्या, त्यांचं नाव त्यात हवंय की नको ते त्यांनाच ठरवू द्या.