अपघाताच्या चौकशीत दोषी कोण ते लवकर का सांगत नाहीत?

कारण दोष ठरवणं हे तपास करणाऱ्यांचं कामच नाही, ते पोलीस आणि कोर्ट बघतं. विमानांसाठी इकाओचं (संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था) ॲनेक्स १३ आहे, म्हणजे अपघात तपासाची नियमावली, त्यात सरळ लिहिलंय की तपास फक्त पुढचा अपघात टाळायला. रेल्वेचं बघा, १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला ३५ माणसं गेली, का तर सिग्नलचं वायरिंग बदलताना एक जुनी वायर कापायची राहिली, टेपही नाही लावला, ती परत जुन्या जागी चिकटली आणि पुढे गाडी उभी असून सिग्नल लाल झालाच नाही. टेक्निशियनची चूक म्हणून फाइल बंद करता आली असती की! पण खणल्यावर कळलं, गड्याला १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळालेली, आणि त्याचं काम दुसऱ्या कुणी नीट चेकच केलं नव्हतं. हे सगळं खणायला वेळ लागतोच ना.