नव्या क्वार्टरबॅककडून काय मागावं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रासाठी लिहिलेला मजकूर मिळाला. दोनदा वाचला. जामठ्याच्या स्टेडियममध्ये क्रिकेट बघत वाढलेली नागपूरची मुलगी दोन वर्षांत अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर इतक्या मनापासून लिहायला लागली, याचा मला फार आनंद आहे. पण तिसऱ्या परिच्छेदात, पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आलेला तुमचा नवा क्वार्टरबॅक (पास टाकून संघाचं आक्रमण चालवणारा) ‘किमान दहा सामने जिंकून देईल’ असं तू लिहिलं आहेस, तिथे मी अडलो. मजकूर छापायला देण्याआधी त्या एका वाक्याबद्दल बोलायला हवं.

मी राहतो त्या ओहायोतल्या कोलंबसचंच घे. २०२३ मध्ये इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक काइल मकॉर्ड होता. नियमित मोसमात बारांपैकी अकरा सामने त्याने जिंकले. हरला तो एकच, पण नेमका मिशिगनविरुद्ध, ३०-२४ असा, आणि मकॉर्डचा शेवटचा पास मिशिगनच्या खेळाडूने झेलला. या गावात वर्षाचा हिशेब त्या एका सामन्यावर होतो. दहा-बारा दिवसांच्या आतच मकॉर्डने पोर्टलमध्ये नाव घातलं आणि पुढे तो सिरॅक्यूजला गेला. त्याच्या जागी कॅन्सस स्टेटहून विल हॉवर्ड आला. चार मोसम खेळलेला, २०२२ मध्ये बिग १२ या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद मिळवलेला. गावाने त्याच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या: मिशिगनला हरव आणि राष्ट्रीय विजेतेपद आण.

आता ३० नोव्हेंबर २०२४ ही तारीख बघ. ओहायो स्टेडियममध्ये लाखावर माणसं, मिशिगनचा संघ क्रमवारीतही नाही, आणि ओहायो स्टेट घरच्या मैदानावर १३-१० ने हरलं. मिशिगनकडून सलग चौथी हार. हॉवर्डचे दोन पास अडवले गेले, म्हणजे समोरच्यांनी झेलले. त्याच दिवशी, काही तासांनी, मकॉर्डच्या सिरॅक्यूजने २१-० अशा पिछाडीवरून मायामीला ४२-३८ असं हरवलं. मायामीचा क्वार्टरबॅक होता कॅम वॉर्ड, तोही पोर्टलमधून आलेला, जो पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, अगदी पहिला निवडला गेला. मकॉर्डने त्या मोसमात ४,७७९ यार्डांचे पास पूर्ण केले. देशात कोणीच त्याच्यापुढे नव्हतं.

त्या संध्याकाळी इथल्या लोकांना विचारलं असतंस, तर ठेवायचा तो घालवला आणि नको तो आणला, असंच बहुतेकांनी सांगितलं असतं. कोच रायन डेला काढा म्हणणारे तर गल्लोगल्ली होते. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात हाच हॉवर्ड नॉत्र दामविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिले तेराच्या तेरा पास पूर्ण करतो, शेवटी शेवटी तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नात, अकरा यार्ड हवे असताना जेरेमाया स्मिथला छप्पन्न यार्डांचा पास टाकतो आणि ३४-२३ असा विजय आणतो. २०१४ च्या मोसमानंतरचं ओहायो स्टेटचं पहिलं विजेतेपद. समोरचा क्वार्टरबॅक रायली लेनर्डही ड्यूक सोडून नॉत्र दामला आलेला.

मधल्या सात आठवड्यांत हॉवर्डच्या हातात काही नवी ताकद आली नव्हती. ऑक्टोबरमध्ये ऑरेगॉनविरुद्ध डावा टॅकल जखमी झाला, नोव्हेंबरमध्ये सरावात सेंटरच्या टाचेची शीर तुटली, आणि मिशिगनच्या सामन्यापर्यंत क्वार्टरबॅकला वाचवणारी ही पुढची पाच जणांची फळी पुरती बसलीच नव्हती. तरी त्या दिवशी चेंडू पुन्हा पुन्हा मधूनच रेटायचा हट्ट चालला. दोन सोप्या किकही हुकल्या. पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, टेनेसीविरुद्धच्या सामन्यापासून चेंडू बाहेरच्या रिसीव्हरांकडे, म्हणजे पास झेलणाऱ्यांकडे, मोकळेपणाने जायला लागला, फळी सावरली, आणि तोच मुलगा वेगळा दिसायला लागला. शिवाय ते बारा संघांच्या प्लेऑफचं पहिलं वर्ष होतं. आधीच्या चार संघांच्या पद्धतीत दोन पराभव घेऊन ओहायो स्टेटला संधी मिळणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे हॉवर्ड इतिहासात विजेता म्हणून राहील की मिशिगनशी हरलेला म्हणून, हे ठरण्यात एका नियमाचाही वाटा होता.

तू विदर्भाची आहेस म्हणून तुझ्या मनात काय असेल ते मी ओळखतो. वसीम जाफर मुंबईहून आला आणि २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा. करुण नायर कर्नाटकातून आला आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात नागपुरातच केरळविरुद्ध शतक ठोकून गेला. बाहेरून आलेला जाणता खेळाडू संघ उभा करतो, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस, आणि ते खरंच आहे. पण फलंदाज आपली फलंदाजी बरोबर घेऊन येतो. जाफरचा ड्राइव्ह वांद्र्यात जसा होता तसाच जामठ्यात. क्वार्टरबॅकचं निम्मं कसब जुन्या विद्यापीठातच राहतं. कोणता रिसीव्हर वळण घेताना अर्धा क्षण आधी मान फिरवतो, कोणता लाइनमन आतून येणाऱ्याला उशिरा ओळखतो, कोचच्या तोंडून कोणता शब्द आला की कोणाला काय करायचं असतं, हे सगळं नव्या ठिकाणी पहिल्यापासून शिकावं लागतं. २०२४ पासून कॉलेज फुटबॉलच्या वरच्या पातळीवर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो खरा, पण प्रत्येक चालीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. तिथून पुढे समोरची रचना वाचणं, आपल्या फळीचं संरक्षण बदलणं आणि दहा जणांना ते ओरडून सांगणं त्याचं एकट्याचं. पास झेलणारा जिथे पोहोचणार आहे तिथे चेंडू आधीच निघालेला असावा लागतो, आणि ती वेळ सरावाच्या महिन्यांतूनच जुळते.

म्हणून पहिल्या सामन्यावर मत बनवू नकोस. बो निक्स ऑबर्नहून ऑरेगॉनला गेला, तेव्हा २०२२ च्या पहिल्याच सामन्यात जॉर्जियाने त्यांना ४९-३ असं चिरडलं. त्या रात्री त्याच्यावर जे लिहिलं गेलं ते आज कोणी उघडूनही बघत नाही. पुढच्या वर्षी तो देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन ट्रॉफीच्या शेवटच्या चौघांत होता. जो बरो ओहायो स्टेटहून लुइझियाना स्टेटला (एलएसयू) गेला. पहिल्या मोसमात त्याचे टचडाउन पास, म्हणजे थेट गोलरेषेपार गुण मिळवून देणारे, सोळा, दुसऱ्या मोसमात साठ! त्या दुसऱ्या वर्षी एलएसयूने पंधराच्या पंधरा सामने जिंकले. दोन वर्षांत तिथे नवा पासिंगचा विचार आला आणि रिसीव्हर पिकले. बरो हुशार होताच, पण त्याला ते वर्ष मिळालं. आताच्या पोर्टलच्या काळात बहुतेकांना तेवढंही मिळत नाही. एका वर्षासाठी येतात आणि जातात. धीर धरायला लोकांपाशी वेळच उरलेला नाही, आणि या खेळाचं हे मला सगळ्यात जास्त बोचतं.

उलटी बाजूही लिहायला हवी. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने नियमित मोसमातले सगळे सामने जिंकले होते. मग क्वार्टरबॅकसह बरेच खेळाडू एनएफएलला गेले, आणि आधी क्लेम्सन, मग ऑरेगॉन स्टेटला खेळलेला डीजे उइअंगालेले आणला गेला. मोसमापूर्वीच्या क्रमवारीत संघ दहावा होता. शेवट दोन विजय आणि दहा पराभवांवर झाला. डीजेचा हात सप्टेंबरच्या शेवटीच जायबंदी झाला होता. मागच्या वर्षीचा संघ मनात ठेवून या वर्षीच्या मुलाकडे हात पसरले की असं होतं. तुझ्या मजकुरात तुमच्या मागच्या वर्षीच्या विजयांचा आकडा आहे, पण त्यातले किती जण राहिलेत तो आकडा नाही. तो शोध.

पैशाचा मुद्दा तू एका ओळीत उरकला आहेस, आणि ती ओळ मला टोकदार वाटली: ‘एवढे पैसे घेतो तर उत्तरही द्यायला हवं.’ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे मिळवता येतात, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेटही देतात. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर होती, सगळे खेळ मिळून. पैसे घेणाऱ्याच्या खेळावर टीका व्हावी, कठोर व्हावी, त्यात काही वावगं नाही. त्याने दुहेरी कव्हरेजमध्ये, म्हणजे दोघांनी घेरलेल्या रिसीव्हरकडे, पास फेकला तर तसं लिही. तिसऱ्या डाउनला घाबरून चेंडू टाकून दिला तर तेही लिही. पण पराभवानंतर या मुलांच्या फोनवर काय काय येतं, हे तुझ्यासारख्या त्याच वर्गांत बसणाऱ्या मुलीला माहीत असायला हवं. त्यातलं बरंचसं पैज हरलेल्यांचं असतं. आमच्या ओहायोने २०२४ मध्ये कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या आकड्यांवर पैज लावायला बंदी घातली, ती एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने खेळाडूंच्या छळाचं कारण देऊन मागितली म्हणून. तुझ्या लेखातलं एक वाक्य असल्या लोकांना हत्यार म्हणून वापरता येईल का, एवढं छापण्याआधी स्वतःला विचारत जा. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे तो, तुझ्याच वयाचा.

मग त्याच्याकडून काय मागायचं? पहिल्या चार सामन्यांत विजयापेक्षा हे बघ: चेंडू हातातून किती लवकर सुटतो, दबाव आला की नजर खाली जाते की पुढेच राहते, आणि एक पास अडवला गेल्यावर पुढच्या वेळी तो तसाच पास टाकायची हिंमत करतो का. हॉवर्ड पेन स्टेटच्या मैदानावर, म्हणजे ज्या पेनसिल्व्हेनिया राज्यात वाढला तिथे, सुरुवातीलाच पास अडवून घेऊन टचडाउन देऊन बसला होता, आणि तरी २०-१३ असा सामना जिंकून आला. मला त्याच्याबद्दल भरवसा वाटायला लागला तो त्या दिवशी. मिशिगननंतरही तो भरवसा गेला नाही.

तुमचा मुलगा खालच्या विभागातून आला आहे असं तू लिहिलंस. त्याला कमी लेखू नकोस. कॅम वॉर्डही इन्कार्नेट वर्डसारख्या लहान विद्यापीठातूनच वर आला. मात्र वॉशिंग्टन स्टेटला दोन मोसम काढल्यावर तो मायामीला पोहोचला. तुमचा मुलगा ती मधली पायरी गाळून आला आहे, एवढं वाचकांना सांग.

दहा विजयांचं वाक्य काढ. त्या जागी सरावाला जाऊन पाहिलेलं लिही. सराव खुला नसेल तर लाइनच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या, कोचला भेट, तो क्वार्टरबॅकच्या कोचपेक्षा मोकळं बोलतो असा माझा अनुभव आहे. पुढच्या फळीतल्या पाचही जणांची नावं, ते किती सामने एकत्र खेळलेत हे लिही, आणि क्वार्टरबॅकच्या नावाआधी ते सगळं येऊ दे. गुरुवारपर्यंत नवा मजकूर पाठवलास तर शुक्रवारी रात्री वाचून फोन करतो.

तुझा,
काका