साडेचार हजारांचं किट घेऊ का? – पारोळ्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं वय 24, पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयाचा हार्मोन-बिघाड) निघाला. डॉक्टरांनी दिलेली मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) पोट बिघडतं म्हणून तुम्ही सोडली आणि आता नात्यातल्या वहिनी ‘हार्मोन बॅलन्स’चं किट गळ्यात मारताहेत. महिन्याला साडेचार हजार! माय वं!

मी चोपड्याला मेडिकलच्या काउंटरवर असते आणि कॉलेजपासून मलाही पीसीओडी आहे. माझं ऐकाल तर किट परत करा. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी रक्त तपासा आणि जे कमी निघेल तेच घ्या.

किटमधल्या डब्यांची तुम्ही जी यादी दिलीत, त्यात कामाची वस्तू एकच, मायो-इनोसिटॉल. पीसीओडीत बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, मग ते जास्त तयार होतं आणि अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. इनोसिटॉल इन्सुलिनच्या कामाला हातभार लावतं. साधारणपणे 2 ग्रॅमची पुडी सकाळ-संध्याकाळ पाण्यातून देतात. काहींची पाळी त्याने सुधारते, त्रासही फारसा होत नाही. पण पीसीओडीच्या उपचारांबद्दलच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वाचल्या तर त्यात सावध भाषा आहे: पुरावा मर्यादित, डॉक्टरांशी बोलून घ्यायला हरकत नाही. अमुकच प्रकार, अमुकच डोस अशी शिफारस नाही. त्यामुळे पाकिटावर ‘40:1’ (इनोसिटॉलच्या दोन प्रकारांचं प्रमाण) छापलंय म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. आणि चेहऱ्यावरचे केस, पोटाचा घेर यांसाठी त्याच सूचना मेटफॉर्मिनला इनोसिटॉलच्या वर ठेवतात.

मेटफॉर्मिनने पोट बिघडतं हे खरं. उपाशीपोटी घेतली तर जास्तच. जेवणासोबत घ्या, डोस हळूहळू वाढवता येईल का, किंवा एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. सोडून देण्याआधी एवढं करून बघायला हवं होतं, आणि हे तुम्हाला गोळी देतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

ही गोळी वर्षानुवर्षं चालली की बी-12 कमी होऊ शकतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं. पायाला मुंग्या, सतत थकवा असेल तर बी-12 तपासाच.

ड जीवनसत्त्वाची तर मजाच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास, तरी ड कमी! स्कूटीवर निघताना सनकोट, हातमोजे, डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये, मग ऊन लागणार कुठे? कमी निघालं तर डॉक्टर बहुतेकदा 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे देतात. नंतर ती थांबते किंवा डोस कमी होतो. काउंटरवर जुनी चिठ्ठी घेऊन महिनोन्‌महिने तीच पुडी मागणाऱ्या येतात, त्यांना मी परत पाठवते. ड जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, मूत्रपिंडाला त्रास होतो.

किटमधलं बायोटिन. केसांसाठी म्हणून देतात, पण मोठ्या डोसमध्ये ते रक्ताच्या तपासण्या बिघडवतं. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटाच कमी दिसू शकतो. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) पाहिल्याशिवाय पीसीओडी पक्का करत नाहीत, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

डबी उलटी करून बघा. बारीक अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापलेलं असेल. कंपनी स्वतः लिहून देते की हे औषध नाही, आणि वहिनी सांगतात पीसीओडी मुळासकट जातो.

जेवणाबद्दल थोडक्यात. कळण्याची भाकरी, भरीत, जवसाची चटणी खुशाल खा, शेवभाजीची तर्री आणि पाव जरा आवरा. केळी बंद करायची गरज नाही. जळगाव जिल्ह्यात राहून ते जमणारही नाही. वजन जास्त असेल तर त्यातलं 5 ते 10 टक्के उतरलं तरी पाळीवर फरक दिसू शकतो. सडपातळ असाल तर उपाशी राहू नका.

पाळी 90 दिवसांच्या पुढे गेली तर पुड्यांवर थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यासाठी डॉक्टरकडे जावंच लागतं. जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, मागच्या पाळ्यांच्या तारखा आणि किटमधल्या प्रत्येक डबीच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत ठेवा.