अमेरिकेतील खरे 'मक्याचे राज्य' कोणते, आयोवा की नेब्रास्का? आणि तेथील लोकांना मक्याचा एवढा अभिमान का वाटतो?

नावाने पाहिले तर नेब्रास्का, पिकाने पाहिले तर आयोवा. नेब्रास्काने 1945 साली 'कॉर्नहस्कर', म्हणजे कणसे सोलणाऱ्यांचे राज्य, हे बिरुद अधिकृतपणे स्वीकारले, आणि तेही लिंकन शहरातील नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघावरून. त्याआधी ते झाडे लावणाऱ्यांचे राज्य म्हणवून घेत असे. आयोवाच्या 'हॉकआय' या टोपणनावात मका कुठेच नाही, पण देशात सर्वाधिक मका तेथेच पिकतो.

मी अकरा वर्षे आयोवातील एम्स येथे राहिलो आणि त्यातील प्रत्येक दिवाळीला न्यू जर्सीच्या माझ्या साडूंनी मला फोनवर "तुमच्याकडे मक्याशिवाय आहे तरी काय?" असे विचारले. एकदा ऑगस्टच्या अखेरीस ते आमच्याकडे आले असता, मी नको नको म्हणत असताना त्यांनी गाडी थांबवून कोणाच्या तरी शेतातून चार कणसे मोडून घेतली, घरी गॅसवर भाजली आणि त्यांवर तिखट, मीठ, लिंबू चोळले. दाणे पिठूळ आणि चिवट निघाले. "एवढा मका लावता आणि एक कणीस खाण्याजोगे नाही," हा शेरा त्यानंतर प्रत्येक लग्नकार्यात माझ्या वाट्याला आला.

त्या कणसाच्या प्रत्येक दाण्याच्या डोक्यावर खळी पडू लागली होती, ती त्यांनी पाहिलीच नाही. तो डेंट कॉर्न, म्हणजे खळीचा मका होता. आयोवातील जवळजवळ सगळा मका याच जातीचा असतो. त्यातील निम्म्याहून अधिक इथेनॉलच्या कारखान्यांत जातो आणि उरलेल्यातील बराचसा डुकरे, कोंबड्या व गुरे खातात. माणसांनी खायचा स्वीट कॉर्न वेगळा, आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला ट्रकच्या मागच्या फळीवर डझनाने विकायला असतो.

आता अभिमानाविषयी. 2004 साली एकेका राज्याच्या नावाने निघालेल्या पंचवीस सेंटच्या नाण्यांपैकी विस्कॉन्सिनच्या नाण्यावर गाय, चीज आणि मक्याचे कणीस आहे, तर आयोवाच्या नाण्यावर शाळा आहे आणि बाहेर झाड लावणारी मुले आहेत. ही दोन्ही नाणी मी साडूंसमोर टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती पार्किंगच्या मीटरसाठी खिशात टाकली. ज्या राज्यातील हेन्री वॉलेस यांनी 1926 साली संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली आणि पुढे ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्या राज्याला नाण्यावर कणीस मिरवण्याची गरज वाटली नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

अर्थात सगळेच गोड नाही. शेतांतून नद्यांत उतरणारे नायट्रेट पिण्याच्या पाण्यातून काढण्यासाठी आयोवातील डे मॉइन शहराला वेगळी यंत्रणा बसवावी लागली आहे, आणि 1993 च्या महापुराच्या वर्षी उत्पादनात इलिनॉय आयोवाच्या पुढे गेले होते. हे दोन्ही मुद्दे साडूंना अजून सापडलेले नाहीत, तेव्हा तुम्ही त्यांना ओळखत असाल तर कृपया सांगू नका.