मॅकगोवनचा स्मिथ कसा झाला?

प्रश्न : एका आयरिश कुटुंबाच्या कागदपत्रांत पणजोबांचे आडनाव मॅकगोवन आहे, तर आजोबांचे स्मिथ. दोघेही कॅव्हन काउंटीतलेच. ही कारकुनाची चूक समजायची का? आणि मॅकगोवनचा अर्थ काय?

उत्तर : चूक नाही, हे भाषांतर आहे. आयरिश भाषेत ‘गाउ’ म्हणजे लोहार. त्याचे षष्ठीचे रूप ‘गाउन’ आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा, म्हणून मॅक गाउन म्हणजे लोहाराचा मुलगा. लिहिताना या ‘गाउन’च्या मध्ये ‘बी’ आणि ‘एच’ ही अक्षरे येतात, पण बोलताना ती स्वरात मिसळून जातात. इंग्रजांनी कानाला आले तसे ‘गोवन’ लिहिले. इंग्रजीतला स्मिथही लोहारच, त्यामुळे कॅव्हनमधल्या बहुतेक मॅकगोवनांचे स्मिथ किंवा स्मिथचेच ‘वाय’ घालून लिहिलेले रूप झाले. डोनेगल, लीट्रिम, स्लायगो या भागांत मात्र मॅकगोवन टिकले.

अशा बदलाला जुना इतिहास आहे. १४६५ च्या एका कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअरमध्ये इंग्रजांत राहणाऱ्या आयरिश पुरुषांना इंग्रजी आडनाव घ्यायला लावले : एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे नाहीतर हुद्द्याचे. धंद्यांच्या उदाहरणांत स्मिथ कायद्यातच लिहिलेले आहे. कॅव्हन त्या यादीत नव्हते. तिथे हा बदल पुढे इंग्रजी कारभाराबरोबर रुजला.

पण म्हणून प्रत्येक स्मिथ मूळचा मॅकगोवन धरू नका. नेमके इथेच वंशावळी फसतात. सतराव्या शतकात अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतात इंग्रज आणि स्कॉटिश वसाहती झाल्या, त्यांत कॅव्हनही होते, आणि त्या लोकांबरोबर खरे इंग्रजी स्मिथही आले. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यांतला धर्माचा आणि आयरिश भाषेचा रकाना आधी वाचा. वसाहतीतले लोक बहुतेक प्रोटेस्टंट होते, म्हणून कॅथलिक घर असेल तर मॅकगोवनची शक्यता वाढते, पण तेवढा पुरावा पुरत नाही. मुख्य धागा म्हणजे ‘टाउनलँड’, म्हणजे गावाहूनही लहान महसुली तुकडा. तो सापडला की १८४७ ते १८६४ मधल्या ग्रिफिथ मूल्यांकनात, म्हणजे कर ठरवण्यासाठी झालेल्या जमिनींच्या आकारणीत, त्याच जमिनीवर कोणाचे नाव आहे ते बघा. सूचीत स्मिथ, मॅकगोवन, नुसते गोवन आणि ओ’गोवन, चारही नावे शोधा. ‘मॅक’ पूर्ण लिहिले की नुसते ‘एम-सी’ असे आखूड, याने काही ठरत नाही. पूर्ण मॅक स्कॉटिश आणि आखूड आयरिश, हा समज निव्वळ चुकीचा आहे.

पणजीचे नाव आयरिशमध्ये लिहिलेले असेल तर ‘मॅक’च्या जागी माहेरच्या नावात ‘निक’ आणि सासरच्या नावात ‘विक’ दिसेल. आडनाव तेच असते.

सर्व जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदणी १८६४ पासूनची आहे. त्याआधीच्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले. कॅव्हनच्या १८२१ च्या जनगणनेतले काही भाग मात्र वाचले आहेत. तुमची टाउनलँड त्यांत असेल तर पणजोबांच्याही मागची पिढी हाती लागू शकते.