काच हिरवी झाली म्हणून अख्खा टँक धुऊ नका

प्रश्न: ताई, आमचा दोन फुटी टँक हॉलमध्ये खिडकीजवळ आहे, तीन गोल्डफिश आहेत. आधी काचेवर तपकिरी थर यायचा, आता हिरवं शेवाळ येतं, त्यातले ठिपके तर पुसून जातच नाहीत. दर रविवारी सगळं पाणी काढून टँक, दगड, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो तरी चार दिवसांत परत तेच, आणि धुतल्यावर मासे सुस्त पडतात. दुकानदार म्हणतो सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) घ्या. घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी ते रविवारचं धुणं बंद करा, प्लीज. माशांच्या अंगातून जो अमोनिया बाहेर पडतो तो पचवणारे बॅक्टेरिया त्या स्पंजमध्ये आणि दगडांवरच राहतात, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात ते मरतात, मग अमोनिया वाढतो आणि मासे सुस्त पडतात. काचेवरच्या शेवाळाने माशांना काहीच होत नाही हो, त्रास फक्त आपल्या डोळ्यांना.

तपकिरी थर नवीन टँकमध्ये येतोच, बोटानेही निघतो आणि महिना-दोन महिन्यांत बहुतेक आपोआप थांबतो. हिरवे ठिपके मात्र चिवट. पाणी न काढता जुनं एटीएम कार्ड घ्या, तिरकं धरून वरून खाली खरवडा, तेवढ्याने नाही गेले तर ब्लेडचा स्क्रॅपर, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनला ब्लेड लागू द्यायचं नाही, तिथून टँक गळायला लागतो. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड अजिबात नको, ओरखडे उठतात. मॅग्नेटवाला क्लीनर वापरत असाल तर तळापासून इंचभर वरच थांबवा, वाळूचा एक कण जरी मध्ये अडकला तरी काचेवर कायमची रेघ. साबण, लिक्विड काही नको.

खरवडून झालं की पाइपने पाव पाणी काढा, तळाची घाण त्यातच ओढून घ्या, आणि नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन घालूनच भरा. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

आता मूळ कारण, म्हणजे उजेड आणि खाणं. टँक खिडकीपासून हलवा (भरलेला हलवू नका, काच तडकते), नाहीतर निदान पडदा लावा. लाइट दिवसाला ६ ते ८ तासच, टायमर लावला तर उत्तम. आणि खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, गोल्डफिश कितीही दिलं तरी मागतच राहतात.

सकर नको. दुकानात बोटाएवढा दिसतो पण फूटभराच्या वर वाढतो, मोठा झाला की शेवाळ खायचा कंटाळा करतो, स्वतः भरपूर घाण करतो आणि गोल्डफिशच्या अंगालाही चिकटतो. मग लोक तो तलावात सोडतात, आणि आपल्याकडच्या नद्या-तलावांत या माशाने आधीच पुरेसा उच्छाद मांडलाय.

प्रश्न: बोअरचं पाणी आहे. काचेवर पाण्याच्या पातळीला पांढरी रेघ बसलीये, घासून जात नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ते शेवाळ नाही, क्षार आहेत, पाणी उडून जातं आणि ते मागे राहतात. हीटर असेल तर आधी बंद करा, पाणी रेघेच्या दोन-तीन इंच खाली आणा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये कपडा भिजवून पिळून पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा आणि मग कार्डाने खरवडा. व्हिनेगर टँकमध्ये ठिबकू द्यायचं नाही, शेवटी साध्या ओल्या कपड्याने दोनदा पुसून मगच पाणी भरा.