२१ दिवस खर्रा (तंबाखू-सुपारीचा) नाही खाल्ला तर सवय कायमची मोडते का?

नाही भाऊ, २१ दिवसांत मोडेलच असं काही नाही. तो आकडा सवयीच्या अभ्यासातून आलेलाच नाही, मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की नवा चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात, त्यातलं 'किमान' गळालं अन् बाकीचं व्हॉट्सॲपवर फिरून राहिलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली अन् सोबत्यांनी खरंच मोजलं तेव्हा सवय पक्की व्हायला सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाचा अंदाज पार २५४ पर्यंत. होते काय की जेवण झालं की खर्रा, वावरातून आलं की खर्रा, असं रोज होऊन होऊन मेंदूच्या आतल्या बेसल गँगलिया नावाच्या भागात ती जोडी फिट बसते, मग विचार न करताच हात पन्नीकडे जाते. ही जोडी पुसल्या जात नाही, दबते फक्त, म्हणून महिनाभर सोडलेला माणूस लग्नात दोस्तानं पन्नी पुढं केली की घसरते. म्हणून नुसते दिवस मोजण्यापेक्षा
- त्याच टायमाला सोप नाहीतर लवंग तोंडात टाका
- पानठेल्याचा रस्ताच बदला
पण एक लक्षात ठेवा, लॅलीचा अभ्यास फळं खाणं, व्यायाम अशा सवयी लावायचा होता, खर्ऱ्यात तर निकोटीन आहे अन् सुपारीचीही लत लागते, सुरुवातीला चिडचिड होईल, झोप उडेल. नुसत्या जिद्दीवर राहू नका, १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.